व्रणरोपणाचे मोजमाप : समान निकषांची गरज

उघड्या शस्त्रक्रियाव्रणावरील संशोधनात ‘व्रण भरला’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय अभ्यासात भगंदरावर क्षारसूत्राने रोपणास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. केवळ रोपणकाल पाहता क्षारसूत्र मागे पडते. परंतु वर्षअखेर पुनरुद्भव अनुक्रमे ४ व ११ टक्के आढळला. निकष बदलताच निष्कर्ष बदलला.

सुश्रुताचार्यांनी शुद्ध व्रण व सम्यक् रूढ व्रण यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली. रूढ व्रणात ग्रंथी, शोथ, वेदना नसावी. त्वचा सवर्ण व समतल असावी. अमेरिकी औषध प्रशासनाची २००६ची व्याख्याही याच्या जवळ जाते : त्वचा पूर्ण आलेली, स्राव व पट्टीची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा खात्री केलेली.

परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी महागडी साधने नसली, तरी मोजपट्टी व नोंदवही असतेच. व्रणाची लांबी, रुंदी, खोली, स्राव, वेदना (० ते १०), पूर्ण रोपणाची तारीख व वर्षानंतरची स्थिती एवढे प्रत्येक रुग्णाचे लिहावे. नोंदी समान असतील तरच परंडा, बार्शी व धाराशिव येथील वैद्यांचे अनुभव एकत्र मांडता येतील, आणि आपल्या तैल-घृतांचे गुण पुराव्याच्या कसोटीवर पारखता येतील.