जुन्या पितळी भांड्यांतील घरची झाडे

अकोल्याहून दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर, रेणुकादेवीच्या टेकडीखाली वसलेल्या पातूर गावी जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या माळ्यावर एखादे घंगाळ, एखादा हंडा किंवा तळ चेपलेली घागर उपडी पडलेली आढळते. नळ आले तेव्हा हंड्याचे काम गेले, आणि न्हाणीघरात प्लास्टिकची बादली आली तेव्हा घंगाळाचे. पुढे स्टीलच्या भांड्यांची आवड वाढली, आणि पुष्कळ पितळ मोडीच्या भावाने तराजूत गेले. जे उरले त्यात झाडे लावून ओसरी शोभवावी, अशी हौस अलीकडे खेड्यांतूनही दिसू लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु ती पुरविताना झाड आणि भांडे ही दोन्ही गमावल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. त्यांपैकी एक आमच्याच घरचे आहे.

प्रथम धातूविषयी थोडे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिलाफ, आणि कासे म्हणजे तांबे व कथील यांचा. पितळेचा पत्रा ठोकून वाढविता येतो, म्हणून हंडे, घागरी व पराती पितळेच्या होत. कासे ठिसूळ असून आदळले तर तडकते. कास्याच्या वाटीस किंवा थाळीस भोक पाडण्याचा विचारही करू नये. आपल्या विदर्भात भंडारा हे गाव पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. लग्नात मुलीस दिलेल्या भांड्यांवर नावे कोरून देण्याची रीत होती. माळ्यावरचे भांडे खाली काढले की तळाशी व काठाखाली अशी अक्षरे आहेत काय, हे आधी पाहावे. पुष्कळ घरांत आजीच्या नावाचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. पितळी भांड्यात माती थेट भरू नये. याची कारणे दोन. पहिले असे की, भांड्यास पाणी निघून जाण्यास वाट नसते. तळाशी पाणी साचले की मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. दुसरे कारण तांब्याचे. ओलसर, आंबट मातीच्या सहवासात पितळेतील तांबे हळूहळू सुटते. झाडास तांबे लागते, पण अत्यल्प. जास्त झाले की मुळांची वाढ खुंटते. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण आमच्या संत्रा बागाईतदारांस परिचित आहेच; बुरशीस मारणारे तांबे ते हेच. जे बुरशीस घातक, ते प्रमाणाबाहेर गेल्यास कोवळ्या मुळांसही सोसत नाही.

आम्ही हे अनुभवाने शिकलो. आजेसासूबाईंच्या हंड्यात माती भरून आम्ही नेचा लावला. श्रावण संपण्यापूर्वी तो सडला. मग पाणी निघावे म्हणून तळास भोक पाडवून घेतले, तर तेथून निघालेली चीर वर चढत त्यांच्या नावाच्या अक्षरांतून गेली. कारागिरास दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आधी विचारले होते, आणि हो आम्हीच म्हटले होते.

तेव्हा रीत अशी ठेवावी. झाड मातीच्या किंवा प्लास्टिकच्या सच्छिद्र कुंडीत लावावे आणि ती कुंडी पितळी भांड्यात उतरवावी. कुंडी व भांडे यांमध्ये सर्व बाजूंनी दोन बोटे अंतर राहावे. भांड्याच्या तळाशी दोन इंच नदीचे गोटे घालावे, म्हणजे कुंडीचे बूड पाण्यात बुडत नाही. पाणी देताना कुंडी बाहेर काढावी, निथळू द्यावी, मग परत ठेवावी. हा त्रास कोणास जड वाटेल. पण आठवड्यातून एक-दोनदाच करावयाचा असतो. घागरीचा गळा अरुंद असल्याने तिच्यात कुंडी उतरत नाही. तिच्यासाठी पुढे सांगितले आहे. कल्हईवाला मिळाल्यास आतून कल्हई करून घ्यावी. कथिलाचा थर मध्ये आला की ओल व पितळ यांचा संबंध कमी होतो.

कुंडीत आपली काळी माती तशीच भरू नये. ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यात बारीक मुळे तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, हे मिश्रण आम्हांस मानवले आहे.

खत पूर्ण कुजलेले असावे, यास आणखी एक कारण आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातील फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली असता त्यांची पितळी नळकांडी आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया वायू, दमट हवा आणि घडविताना पितळेत राहिलेला ताण, या तिहींचा तो परिणाम असल्याचे १९२१ साली सिद्ध झाले. ठोकून घडविलेल्या हंड्यातही तसा ताण असू शकतो. म्हणून ताजे शेण, गोमूत्र किंवा युरियाचे पाणी पितळेस लागू देऊ नये. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांनी खाऱ्या पाण्याचीही तशीच काळजी घ्यावी. क्षारांनी पितळ लवकर खराब होते.

जागा निवडताना वऱ्हाडचे ऊन विसरू नये. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात अंगणात ठेवलेले पितळ हात लावू देत नाही, मग आतील मुळांची दशा काय होत असेल! उत्तरेची किंवा पूर्वेची ओसरी उत्तम. तेथे सन्सेव्हेरिया, ज्यास हल्ली स्नेक प्लांट म्हणतात, पाण्याची हयगयही सोसतो. मनीप्लांट सहज वाढतो. क्रोटनास उजेड अधिक हवा. नेचा मात्र उन्हाळ्यात कोरड्या हवेने करपतो. तो हौशी माणसानेच ठेवावा. मनीप्लांट व डिफेनबेकिया यांच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंड सुजते. रांगती मुले व बकऱ्या यांपासून ही झाडे उंचावर ठेवावी. ओवा, पुदिना अशी खाण्याची झाडे जुन्या, डाग दिलेल्या भांड्यात थेट लावू नयेत. त्या डागांत शिसे असू शकते.

घागरीत पाण्यावर मनीप्लांट ठेवावयाचा असल्यास आत काचेची बाटली बसवावी आणि तिच्यातील पाणी दर आठवड्यास बदलावे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. कुंडीखालच्या गोट्यांतील पाण्यासही हाच नियम.

भांडे घासताना कुंडी दूर ठेवावी. चिंचेचे पाणी मातीत गळू देऊ नये. हिरवा काट काढावा, पण जुना तपकिरी रंग खरवडून आरशासारखी चकाकी आणण्याचा हट्ट धरू नये. वारंवार घासल्याने कोरलेली अक्षरे झिजतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. अशा भांड्यास भोक तर नाहीच, डागही जाणत्यास विचारूनच द्यावा. ज्यावर नाव किंवा नक्षी नाही आणि ज्याचा तळ आधीच गेलेला आहे, असे भांडे मात्र खुशाल वापरावे. त्याचे गळणेच तेथे उपयोगी पडते.