फोन रात्री कुठे असतो?

५,००० कोटी. २०१९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती लागलेल्या एका फाइलमध्ये फोनच्या ठावठिकाण्याच्या इतक्या नोंदी होत्या. सव्वा कोटीच्या आसपास अमेरिकी फोन, काळ अवघ्या काही महिन्यांचा आणि हा सगळा साठा एकाच कंपनीकडचा. सेकंदाला एक या वेगाने, खाणंपिणं-झोप सोडून या नोंदी मोजायच्या म्हटल्या तर सुमारे १,५८५ वर्षं लागतील. आज मोजून संपायला हव्या असतील, तर वाकाटकांच्या राजवटीतच कुणीतरी बसायला हवं होतं.

एका नोंदीत असतं काय? अक्षांश, रेखांश, वेळ. नाव नाही, गाव नाही. मग यातला पर्यटक कोणता? युक्ती अगदी साधी आहे: फोन रात्री कुठे असतो ते बघायचं. महिनोन्महिने रात्री जिथे सापडतो ते घर. घरापासून लांब दोन-तीन रात्री काढल्या तर तो मुक्कामी पाहुणा. सकाळी आला आणि दिवेलागणीला निघून गेला, तर उभ्या उभ्या येऊन गेलेला. एरिक फिशर यांनी २०१० मध्ये फ्लिकरवरच्या फोटोंवरून शहरांचे नकाशे केले, तेही याच धर्तीवर. महिनाभर किंवा जास्त काळ शहरात फोटो काढणारे निळे. महिन्याच्या आत आटोपणारे आणि दुसऱ्याच शहराचे वाटणारे लाल.

व्हेनिसमध्ये हा फरक थेट खिशाशी जोडलेला आहे. जुन्या शहरात आता ५० हजारही रहिवासी उरलेले नाहीत. तिथली महापालिका मोबाइल नेटवर्कच्या निनावी माहितीवरून रहिवासी किती, बाहेरचे किती, कुठल्या देशांतले, हे पडद्यावर बघत असते. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क सुरू झालं, तेही शहरात मुक्काम न करणाऱ्यांना. पाच युरोंनी गर्दी हटेल असं मला वाटत नाही. एवढ्यात तिथे धड जेवणही होत नाही.

पण मला थक्क करणारा आकडा ५,००० कोटींचा नाही. तो आहे ४. इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या निनावी मोबाइल नोंदी तपासल्या. कुठल्या तासाला कुठल्या टॉवरपाशी, असे फक्त चार ठिपके कळले, की ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून एकेकटी वेगळी काढता येत होती.

पर्यटक तर हे चार ठिपके स्वतःच, फोटोसकट, गावभर वाटत सुटतो.