केसगळतीवर लावायची औषधे : एक तुलना



भोरचा फाटा जेथे फुटतो त्या आपल्या कापूरहोळला आता औषधाच्या दुकानात केसांच्या नाना बाटल्या मिळतात. पंचविशीच्या आत कपाळ मागे सरकू लागले की मुले धास्तावतात. भांग रुंद दिसू लागला की लग्नाच्या चिंतेने मुली कोमेजतात. मग पुस्तकांचे पैसे बाटल्यांवर जातात. म्हणून या बाटल्यांत काय असते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम कारण ओळखावे. टायफॉइडनंतर, बाळंतपणानंतर, रक्त कमी झाल्याने किंवा थायरॉईडच्या बिघाडानेही केस गळतात. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील लोकांचे केस थोड्याच दिवसांत गळले. तेथील गव्हात सेलेनियम जादा असल्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासाअंती मांडले. अशा गळतीवर बाटली हा उपाय नव्हे.

हार्मोनमुळे होणारी गळती मात्र हळूहळू होते. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून शरीरात डीएचटी नावाचा अधिक प्रभावी हार्मोन बनतो. आनुवंशिकतेने ज्यांची केसांची मुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांची मुळे आक्रसतात व केस बारीक होत जातो. यावर लावायच्या औषधांची तुलना अशी :

१) मिनॉक्सिडिल : हे मूळचे रक्तदाबाचे औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा उपयोग ध्यानात आला. १९८८ साली अमेरिकेत २ टक्के द्रावणाला मान्यता मिळाली. पुढे ५ टक्क्यांचेही आले. ते हार्मोनला हात लावत नाही, केसांच्या वाढीचा काळ लांबवते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात; तेव्हा घाबरून सोडू नये. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध बंद केल्यास मिळालेले केस काही महिन्यांत जातात. त्वचेला खाज येऊ शकते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी ते वापरू नये.

२) फिनास्टेराइडचे द्रावण : हे डीएचटी बनणेच कमी करते, म्हणजे कारणावर काम करते. लावल्याने गोळीपेक्षा रक्तात कमी उतरते, पण उतरतेच. कामेच्छा कमी होणे, मन उदास होणे असे त्रास काहींना होतात. २०२५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा द्रावणांबाबत इशारा दिला. गर्भवतीने त्याला स्पर्शही करू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊच नये.

३) केटोकोनाझोल शॅम्पू : कोंड्यावर उत्तम. केस वाढवण्याबाबतचा पुरावा तोकडा. जोड म्हणून ठीक.

४) तेले : खोबरेल तेल केसाची झीज कमी करते, त्यामुळे केस कमी तुटतात. परंतु ते मुळाशी चाललेली हार्मोनची क्रिया थांबवत नाही. माका, जास्वंद, कांद्याचा रस यांबाबत या गळतीत भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. रोझमेरी तेलाचा एक छोटा अभ्यास २०१५ साली झाला. तेवढ्यावर महागडी बाटली घेऊ नये.

सारांश, मिनॉक्सिडिलचा पुरावा भक्कम, फिनास्टेराइड गुणकारी पण जोखमीचे, बाकीची साथीला. मुळे पूर्ण मेलेल्या गुळगुळीत टकलावर यांपैकी काहीच केस उगवत नाही. जेवढे लवकर सुरू करावे तेवढे हाती राहते, आणि खर्च मात्र कायमचा असतो. तो झेपेल काय, हे आधी ठरवावे.

आपल्या देशातील औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात टक्कल हा विकार नोंदलेला आहे. तो बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. तेव्हा 'हमखास केस' असे छापलेली बाटली खाली ठेवावी. मुलींची पाळी अनियमित असल्यास, चेहऱ्यावर लव वाढल्यास आधी तपासणी करावी. त्यासाठी भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा पुण्याच्या ससूनमधील त्वचारोग विभाग गाठावा.

ज्यांना उपचार नको असतील त्यांनी खुशाल टक्कल मिरवावे. माणसाची योग्यता त्याच्या विद्येने व वर्तनाने ठरते, केसांनी नव्हे, हे पालकांनीही सोयरीक जुळवताना ध्यानी घ्यावे, एवढीच आमची विनंती.