आईनें टाकलेलें वासरूं

गाय व्याली कीं शेतकऱ्याच्या घरीं दोन गोष्टींची धांदल उडते. एक, गोऱ्हा झाला कीं कालवड, हें पाहण्याची. आणि दुसरी, चिकासाठीं भांडें शोधण्याची. वासराच्या पोटांत काय गेलें याची चौकशी बहुधा तिसऱ्या दिवशीं होते, आणि तोंपर्यंत पुष्कळदां ती करण्याचें कारणच उरत नाहीं. हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. चार वर्षांपूर्वीं आमच्याच गोठ्यांत असें एक वासरूं गेलें, आणि त्याचा दोष सर्वस्वीं आमच्याकडे होता.

आमची जमीन कंधार तालुक्यांत आहे. महसूल खात्याच्या कारकुनींत आयुष्य गेल्यामुळें गोठा गड्यांच्या भरंवशावर असे. वडिलांच्या हातची एक लाल कंधारी गाय होती. तिच्या पोटची एक पहिलारू त्या वर्षीं व्याली. तिनें वासरास चाटलें नाहीं. तें जवळ गेलें कीं लाथ मारी. गड्यानें चीक काढला, आमच्या घरांतून त्याचा खरवस झाला, व चार घरीं वाट्या पोंचल्या. आम्हींही तो आवडीनें खाल्ला. वासरास मागाहून वाटीभर दूध बांबूच्या नळ्यानें घशांत ओतलें. मग हगवण लागली आणि नवव्या दिवशीं तें गेलें. कालवड होती. पुढें म्हातारी गाय गेली, ही पहिलारूही दुखण्यानें गेली, आणि वडिलांच्या गाईच्या वंशांत तिची एक धाकटी लेक तेवढी उरली.

लाल कंधारीची योग्यता आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कंधार, मुखेड, बिलोली, नांदेड व लातुराकडील अहमदपूर हा तिचा मुलूख. दूध बेताचें, परंतु उन्हांत व अपुऱ्या वैरणीवर टिकाव धरणारी आणि बैल कामास चिवट. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत तांबड्या खोंडांपुढें गिऱ्हाइकांची गर्दी आम्हीं अनेकदां पाहिली आहे. तिकडे उदगीर-देवणीच्या भागांत देवणी जनावराचा तसाच लौकिक. परंतु ट्रॅक्टर घरोघर झाल्यापासून जातिवंत जनावर दारीं ठेवणारे कमी होत आहेत. अशा दिवसांत एक कालवड हयगयीनें जाणें म्हणजे केवळ एका वासराचें नुकसान नव्हे.

गेल्या मार्गशीर्षांत ती धाकटी गाय रात्रीं तीनच्या सुमारास व्याली. थंडी कडक होती आणि वेणा फार वेळ चालल्या होत्या. वासरूं पडलें तेव्हां तिनें वळून एकदां हुंगलें व शिंगानें दूर लोटलें. आम्ही कंदील धरून उभे होतों. गडी म्हणाला, “मालक, हिचंबी थोरलीवाणीच दिसतंय. भांडं आणू का?” आम्हीं म्हटलें, “भांडें आण. परंतु चीक घरांत जाणार नाहीं.”

प्रथम वासराच्या नाकातोंडांतील चिकट लाळ बोटानें काढली, आणि कोरड्या पेंढ्यानें व गोणपाटानें सर्व अंग जोरानें चोळलें. आई चाटते तेव्हां वासराचें अंग कोरडें होतें, रक्त खेळूं लागतें व श्वास मोकळा होतो. आई चाटीत नसेल तर तें काम आपल्या हातांनीं केलें पाहिजे. शेपटीखालींही ओल्या फडक्यानें चोळावें, म्हणजे पहिली शी मोकळी होते. नाळ आयोडीनच्या अर्कांत बुडविली. कारण ओली नाळ म्हणजे रोगाला उघडें दारच. नंतर जाड पेंढ्याचा थर देऊन, वारा लागणार नाहीं अशा कोपऱ्यांत वासरास गोणपाट पांघरून निजविलें. शेजारीं धूर मात्र केला नाहीं. कोंडलेला धूर वासराच्या छातीस बाधतो.

मग गाईचे मागील पाय दाव्यानें बांधून आम्हीं कासेस हात लावला, आणि खरें कारण सांपडलें. कास दगडासारखी ताठली होती, आंचळास बोट लागतांच गाय थरथरे. तिला वासराचा तिटकारा नव्हता, तिला दूध देतांना वेदना होत होती. पहिलारू गाईंत हें पुष्कळदां होतें. याशिवाय अवघड वेत, भोंवतीं माणसांचा व कुत्र्यांचा गलबला, आणि चाटण्यापूर्वींच वासरूं उचलून नेणें, हींही कारणें असतात. गाय आपलें वासरूं वासानें ओळखते, व ती ओळख पहिल्या कांहीं घटकांतच जुळते. म्हणून व्यालेल्या गाईस “दुष्ट” म्हणून काठी मारण्यापूर्वीं तिची कास पाहावी. ऊन पाण्याच्या फडक्यानें शेकून आम्हीं हळूहळू चीक काढला. कासेंत गांठ, दुधांत रक्त किंवा पू दिसल्यास मात्र घरगुती उपायांवर न थांबतां पशुवैद्यास बोलवावें.

आतां चिकाविषयीं. मनुष्याच्या मुलास रोगाशीं झुंजण्याचें बळ कांहीं अंशीं आईच्या पोटांतच मिळतें. गाईच्या वासरास तें मिळत नाहीं. तें रितें जन्मास येतें, आणि तें बळ त्यास फक्त चिकांतून मिळतें. शिवाय वासराचें आंतडें हें बळ शोषून घेतें तें पहिल्या कांहीं तासांतच. दर तासागणिक ही शक्ति उतरत जाते व 24 तासांनीं जवळजवळ संपते. दुसऱ्या दिवशीं पोटभर चीक दिला तरी तो अन्न होतो, कवच होत नाहीं. आमची पहिली कालवड कां गेली, हें आम्हांस तेव्हां समजलें असतें तर!

नियम सोपा आहे. वासराच्या वजनाच्या एकदशांश चीक पहिल्या दिवसांत गेलाच पाहिजे, आणि त्यांतील पहिला वांटा एक-दोन तासांच्या आंत. आमचें वासरूं 18 किलो भरलें. म्हणजे सुमारें पावणेदोन लिटर. पहिला चीक तासाभरांत पाजला व उरलेला दुसऱ्या पहांटेपर्यंत तीन वेळां दिला. गाय मेली असेल किंवा तिला चीकच नसेल, तर गांवांत नुकत्याच व्यालेल्या निरोगी गाईचा चीक मागून आणावा. त्यांत कमीपणा नाहीं.

पाजण्याची रीतही नीट समजून घ्यावी. नळ्यानें घशांत ओतलेलें दूध श्वासनलिकेंत जाऊन वासरूं दगावतें. तें चोखूं लागलें म्हणजे घशापासून एक पन्हाळी मिटून दूध थेट पचनाच्या पोटांत जातें. ओतलेलें दूध चुकून पहिल्या मोठ्या पोटांत पडतें व तेथें आंबतें. म्हणून रबरी बोंडीची बाटली वापरावी. वासरूं उभें किंवा छातीवर बसलेलें असावें, मान फार उंच करूं नये. चोखत नसेल तर धुतलेलें बोट तोंडांत देऊन जिभेस संवय लावावी. दूध वासराच्या अंगाइतकें कोमट असावें आणि बाटली दर वेळीं ऊन पाण्यानें धुवावी. थंडीनें गारठलेल्या पिलास मात्र आधीं ऊब द्यावी, मग दूध. हाच नियम शेळीच्या करडास, आणि कणगीच्या आडोशाला मांजरीनें टाकून दिलेल्या पिलासही लागू आहे. गार पोटांत दूध पचत नाहीं.

आमची कारकुनी खोड अशी कीं, आम्हीं एक वही घातली. तारीख, वेळ, किती पाजलें, शेण कसें होतें, इतके चार रकाने. गांवांत बोलवा झाली कीं, कारकून चीकसुद्धां मोजून देतो. शेजारच्या आजी दोनदां वाटी घेऊन आल्या व दोनदां रित्या हातानें गेल्या. घरांतूनही थोडी नाराजी झाली. परंतु चौथ्या दिवशीं शेण पातळ झालेलें वहींत लगेच दिसलें. दूध न तोडतां मधल्या वेळीं मीठ-साखरेचें कोमट पाणी दिलें, डॉक्टरांस बोलाविलें, आणि दोन दिवसांत पोट सुधारलें. आधींच्या खेपेस हगवण केव्हां लागली हेंच आम्हांस निश्चित ठाऊक नव्हतें.

इकडे गाईस वासराची ओळख करून देण्याचें कामही सोडलें नाहीं. सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढें पेंड व कोंडा ठेवावा, वासराच्या पाठीस कोंडा व मीठ चोळावें, पाय बांधून त्यास आंचळाशीं धरावें. दोन दिवस ती नुसता कोंडा चाटून तोंड फिरवी. कास उतरत गेली तशी लाथ कमी झाली. सहाव्या दिवशीं संध्याकाळीं वासरानें ढुसणी मारली आणि गाईनें पान्हा सोडला. मग मान वळवून ती त्याची शेपटी चाटूं लागली. गड्यानें न सांगतांच दावें सोडलें. आम्हीं वहींत त्या दिवशीं “आईनें पाजिलें” एवढेंच लिहिलें.

दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्यानें जंताचें औषध द्यावें, व तिसऱ्या आठवड्यापासून कोंवळें वाळलेलें गवत तोंडाजवळ ठेवावें. उदगीर व परभणी येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत, तालुक्याच्या गांवीं दवाखाना आहे. विचारण्यास संकोच करूं नये.

आमच्या वाचकांस विनंति इतकीच कीं, गाय व्यावयास महिना असतांना एक बाटली, दोन रबरी बोंड्या, आयोडीनची कुपी व स्वच्छ गोणपाट गोठ्याच्या फळीवर ठेवून द्यावें. खर्च एका वेळच्या बाजाराइतकाही नाहीं. आणि खरवस अवश्य करावा. परंतु वासराचें पोट भरल्यावर जें उरेल त्याचा. आमच्या येथें तो यंदा तिसऱ्या दिवशीं झाला, आणि पहिली वाटी शेजारच्या आजींकडे गेली. कालवड आज दावणीस उभी आहे.