दोन वडापाव, दहा आवर्तने

अंधेरी-बोरिवलीकडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये कंपाउंडच्या कोपऱ्यात, जाळीच्या दाराआड ट्रान्सफॉर्मर घुमत असतो. समजा, तो १००० केव्हीएचा आहे. एका बाजूने ११ हजार व्होल्ट आत, दुसरीकडून ४३३ व्होल्ट बाहेर. दारावरची कवटी ११ हजारांसाठी रंगवलेली. ४३३ला कोणी फारसं भीत नाही. ती काय, आपली नेहमीचीच लाइन.

हिशोब मात्र उलटा आहे. पूर्ण भार असताना ११ हजारांच्या तारेतून जेमतेम ५२ अँपिअर वाहतात, ४३३च्या बसबारमधून, म्हणजे धातूच्या जाड पट्ट्यांतून, १,३३३. आणि तिथे शॉर्ट झालं तर? ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ५ टक्के धरला तर २६ हजारांहून जास्त. छताच्या पंख्याला लागतो सुमारे ०.३ अँपिअर. म्हणजे ८० हजारांहून अधिक पंख्यांचा प्रवाह, तुमच्या मीटर रूममधल्या एका पॅनेलमध्ये.

त्या पॅनेलवर वायरमनच्या हातून पाना निसटतो, किंवा दोन फेजच्या मधून पाल जाते. तेवढं पुरतं. पुढे धातूची गरजच उरत नाही, तापलेली हवाच वीज वाहू लागते. हाच आर्क; कारागिरांच्या भाषेत, 'फ्लॅश झाला'. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस; या आर्कचं तापमान १९ हजारांपर्यंत जातं असं मानतात. तांब्याची वाफ होताना ते ६७ हजार पट फुगतं, असा आकडा या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. फुटाण्याएवढ्या एका घन सेंटिमीटरमागे ६७ लिटर वाफ. पाण्याचे २० लिटरचे तीन जार भरून वर सात लिटर उरेल.

आता ऊर्जा. अशा आर्कची कमाल ताकद कागदावर १० मेगावॉट निघते. ब्रेकरने ०.२ सेकंदात, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या दहा आवर्तनांत, लाइन तोडली असं धरू. तेवढ्यात बाहेर पडते २० लाख ज्यूल. दोन वडापाव खाल्ले तर पोटात साधारण तेवढीच ऊर्जा जाते! वडापाव पचायला काही तास लागतात, इथे पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. अर्ध्या किलो टीएनटीमध्येही एवढीच ऊर्जा असते.

त्वचेचा हिशोब त्याहून बारीक. दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी मिळाली की फोड येतो, दुसऱ्या दर्जाचा भाजल्याचा. मे महिन्याच्या दुपारी कांदिवलीच्या फलाटावर ५० सेकंद उन्हात उभं राहिलात तर चेहऱ्यावर इतकी कॅलरी पडते आणि काही होत नाही, कारण रक्त ती उष्णता वाहून नेतं. तीच कॅलरी ०.१ सेकंदात आली तर रक्ताला सवडच मिळत नाही.

आर्कपासून वाचवणाऱ्या आर्क-सूटवरचे आकडे याच मापात असतात. अमेरिकेच्या एनएफपीए ७०ई या मानकात किमान ४, ८, २५ आणि ४० कॅलरी अशा चार पायऱ्या आहेत. ४० कॅलरी म्हणजे तेच ऊन २८ मिनिटं, एका क्षणात ओतलेलं. दुकानदार एक गोष्ट सहसा सांगत नाही: ८ कॅलरीच्या कापडावर बरोबर ८ कॅलरी आली तर आतली त्वचा भाजण्याची शक्यता निम्मी असते. तो आकडा अभयवचन नव्हे, नाणेफेक आहे. म्हणून आधी पॅनेलचा हिशोब आणि त्याच्या वरचा सूट, हा क्रम.

मग सरसकट ४०चाच घ्यावा? मुंबईच्या दमट हवेत, खिडकी नसलेल्या खोलीत, तो जाड हूड चढवून नट फिरवून बघा. घामाने काच धुरकटते, हातमोज्यात पाना धरवत नाही, आणि निसटलेल्या पान्यापासूनच तर गोष्ट सुरू झाली होती.

खरी मेख व्होल्टमध्ये नाही, वेळेत आहे. आर्क दुप्पट वेळ टिकला की अंगावर दुप्पट कॅलरी. त्यामुळे एकाच पॅनेलच्या दोन दारांना दोन वेगळे सूट लागू शकतात. बाहेर जाणाऱ्या फीडरच्या मागे इनकमर, म्हणजे आत येणाऱ्या लाइनचा मुख्य ब्रेकर, उभा असतो. त्याचं सेटिंग नीट असेल तर ०.०५ सेकंदातही काम भागतं. पण खुद्द इनकमरच्या आधी आर्क पेटला तर तो तोडायचा ११ हजारांच्या बाजूने. तिथे १३ हजार अँपिअरचा आर्कही जेमतेम ५०० अँपिअरचा दिसतो आणि संरक्षण सेकंदभर रेंगाळू शकतं. वीसपट वेळ, वीसपट कॅलरी. दार तेवढंच, रंगही तोच.

कॅटलॉग चाळायच्या आधी स्वस्तातली एक गोष्ट: वायरमनची पँट. टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळून कातडीला चिकटतं. नायलॉनच्या बनियनचं तेच. सूट कितीही भारी घ्या, आत सुतीच हवं. आणि पायाखालची रबरी मॅट शॉकसाठी असते. आर्क येतो समोरून, चेहऱ्यावर.

सगळ्यात कमी कॅलरीचा मार्ग अर्थातच शटडाउन. त्यासाठी वीज कंपनीला कळवायचं, लिफ्टपाशी 'दुपारी २ ते ४ वीज बंद' अशी नोटीस लावायची आणि सोसायटीच्या ग्रुपवरची बोलणी खायची. पण वीज गेल्यावरही सूट लगेच उतरत नाही. आधी कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. मग टेस्टर चालू लाइनवर तपासायचा, मग बंद पॅनेलच्या तिन्ही फेजवर लावायचा, मग पुन्हा चालू लाइनवर; मधल्या वेळात तोच बिघडला नाही ना, हे बघायला. इथवर हूड डोक्यावरच. त्यानंतर अर्थिंग.