दवाखाना, घर आणि बिल : सावकाराच्या दारी जाण्याआधी



गेल्या हंगामात आमच्या गट ऑफिसात एक वयस्कर सभासद आले. उसाचे पैसे कधी जमा होणार एवढेच त्यांना विचारायचे होते. एरवी असे विचारायला न येणारा माणूस. म्हणून शेतकी मदतनिसाने विचारले, “तात्या, एवढी घाई कशाची?” तेव्हा हळूहळू हकीकत बाहेर आली.

कारभारणीच्या छातीत रात्री दुखू लागले. पोरांनी गाडी करून शहरातल्या दवाखान्यात नेले. तिथे “आधी डिपॉझिट भरा” म्हणाले. तात्यांनी गावातल्या एकाकडून साठ हजार उचलले, शेकडा पाच रुपये महिन्याने. उपचार नीट झाले, बाई सुखरूप घरी आल्या. महिन्याभराने कळले की त्याच दवाखान्यात सरकारी योजना चालू होती, आणि तात्यांचे केशरी कार्ड तिच्यात बसत होते.

“आम्हाला कुनी बोललं न्हाई, आन् आम्ही बी इचारलं न्हाई,” तात्या म्हणाले.

आता हिशेब करा. साठ हजारांना शेकडा पाच म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. उसाला टनाला तीन हजार धरले, तर बारा टन ऊस नुसत्या व्याजाला गेला. मुद्दल जागच्या जागी.

अशी हकीकत एकट्या तात्यांची नाही. म्हणून या अंकात आजारपण, अपघात, घर आणि वीजबिल या चार अडचणींत आपल्या तालुक्यातल्या माणसाला कुठे आणि कशी मदत मिळते, ते एकत्र सांगत आहोत. मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यातली बहुतेक मदत पैसे भरण्याआधी आणि मुदतीत मागणाराला मिळते. मागाहून पावत्या घेऊन गेल्यास हात हलवत परत यावे लागते.

दवाखाना

पहिली पायरी आपल्या गावाजवळची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि करमाळ्याचे उपजिल्हा रुग्णालय यांचा त्यात समावेश होतो. रुग्णाला न्यायला १०८ नंबरची गाडी फुकट येते. बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ नंबर आहे. भाड्याच्या गाडीला हजारो रुपये मोजण्याआधी हा नंबर लावून पाहावा.

दुसरी पायरी मोठ्या आजारांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता. पुढे २०१७ साली नाव बदलले आणि २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. पूर्वी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२४ पासून ती पाच लाख झाली. पूर्वी पिवळे आणि केशरी कार्ड लागे, आता पांढऱ्या कार्डाचे कुटुंबही त्यात घेतले आहे. “आपण बागायतदार, आपल्याला कशाचं मिळतंय” असे म्हणून घरी बसण्याचे कारण उरलेले नाही. घरात सत्तर वर्षांपुढचे कोणी असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी आयुष्मानचे वेगळे कार्ड निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सर, भाजलेले रुग्ण असे मोठे उपचार योजनेत आहेत. साध्या तापाला किंवा नुसत्या तपासणीला ती चालत नाही. तसेच प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो आणि योजनेतल्या दवाखान्यात प्रत्येक आजार नसतो. म्हणून नेण्याआधी १५५३८८ या नंबरवर विचारावे.

दवाखान्यात पोचल्यावर पैशाच्या खिडकीकडे न जाता प्रथम ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारावे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात हा माणूस नेमलेला असतो. त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवावे. रुग्ण तातडीचा असेल तर आधी दाखल करून कागद मागाहून देण्याची सोय आहे. ही योजना बिनपैशाची आहे, म्हणजे दवाखान्याचे पैसे सरकार परस्पर देते. आपण भरलेले पैसे परत देण्यासाठी ती नाही. तात्यांचे साठ हजार गेले ते नेमके इथे.

तिसरी पायरी धर्मादाय दवाखान्यांची. पुणे-सोलापूरकडची पुष्कळ मोठी रुग्णालये ट्रस्टची आहेत. त्यांना सरकारी सवलती मिळतात, त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांच्यावर बंधन आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेली ही व्यवस्था अशी : शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा खाटा दुर्बल घटकांना सवलतीत. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. त्यासाठी प्रत्येक बिलातून दोन टक्के रक्कम वेगळी काढून निधी ठेवावा लागतो. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात अडवता येत नाही. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा. दाद मिळाली नाही तर त्या जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

चौथी पायरी मुख्यमंत्री सहाय्यता निधीची. वरच्या कोणत्याही योजनेत उपचार बसत नसेल तेव्हा इथे अर्ज करावा. पूर्वी मुंबईला जावे लागे. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष निघाला आहे, त्यामुळे सोलापुरात काम होते. खर्चाचे डॉक्टरांनी दिलेले अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड व आधारकार्ड लागते. रक्कम दवाखान्याच्या खात्यावर जाते. इथेही उपचार चालू असतानाच अर्ज करायचा असतो. अर्जाला फी नाही. “मी काम करून देतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

अपघात

विहिरीवर शॉक लागणे, पाचटात साप चावणे, वीज पडणे, ट्रॅक्टर उलटणे, पाण्यात बुडणे. आपल्या धंद्यात यातले काही ना काही दरवर्षी कानावर येते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जीव गेले, ते तालुका विसरलेला नाही.

अशा वेळी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी हे काम विमा कंपनीकडे होते. २०२३ पासून सरकार थेट अनुदान देते. सात-बारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय १० ते ७५, असे दोघे त्यात येतात. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे अथवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या आणि दारू पिऊन झालेला अपघात यांना ती लागू नाही.

यात एक गोष्ट मनाला पटायला जड जाते, पण सांगितलीच पाहिजे. साप चावून किंवा शॉक लागून माणूस गेला की “आता कशाला चिरफाड” म्हणून घरचे लोक पोलिसांना न कळवता अंत्यविधी उरकतात. मग पंचनामा नाही आणि शवविच्छेदनाचा अहवालही नाही. कागदावर तो अपघात ठरत नाही, आणि मागे राहिलेल्या बाईला दोन लाख मिळत नाहीत. अशा दुःखात घरच्यांना सुचत नाही. म्हणून भावकीतल्या आणि शेजारच्या जाणत्या माणसांनी हे पाहावे.

याखेरीज बँकेत खाते असेल तर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा (वय १८ ते ७०) आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा (वय १८ ते ५०) निघतो. हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो. मात्र तो कापला जातो हे घरात कोणाला माहीत नसेल, तर विमा असून नसल्यासारखाच.

घर

घराच्या बाबतीत स्पष्ट बोलले पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने खात्यावर येतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे. पण अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत असलेले कुटुंब या यादीतून वगळले जाते. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा पन्नास हजार किंवा अधिक असली तरी तेच. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळ सभासद यात बसत नाहीत. उगाच खेटे घालू नयेत, आणि यादीत नाव घालतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नये.

ज्यांची जमीन थोडी आहे किंवा वाटणीत गुंठ्यांवर आली आहे त्यांनी मात्र ग्रामसेवकाकडे चौकशी जरूर करावी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ साली सुरू झालेली मोदी आवास अशा निराळ्या योजनाही आहेत. घरकुल मंजूर होऊन जागा नसेल तर ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळते. उजनीच्या पाण्याने उठलेल्या आणि नव्या गावठाणात बसलेल्या सभासदांनी आपल्या घरजागेचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावावर आहे, ते आजच पाहून घ्यावे. आज्याच्या नावावर राहिलेला उतारा ऐन वेळी आडवा येतो.

घर पडले तर मात्र जमीन किती आहे हे पाहत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा काठच्या गावांनी हे अनुभवले. आपत्ती निवारणाच्या नियमाप्रमाणे घर पूर्ण पडल्यास १ लाख २० हजार, पक्के घर अंशतः पडल्यास साडेसहा हजार, दुभती गाय-म्हैस दगावल्यास ३७ हजार ५०० असे दर ठरलेले आहेत. सारे तलाठ्याच्या पंचनाम्यावर अवलंबून असते. म्हणून पडझड उचलण्याआधी फोटो काढावेत आणि त्याच दिवशी तलाठ्याला कळवावे.

विजेचे बिल

शेतीपंप साडेसात अश्वशक्तीपर्यंत असेल तर एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत चालू बिल माफ आहे. मात्र त्याआधीची थकबाकी त्यात गेलेली नाही, ती खात्यावर उभी आहे. पंप साडेसातच्या वर असेल तर बिल भरावे लागते.

घरचे बिल अचानक मोठे आले तर गप्प बसू नये आणि बिल फेकूनही देऊ नये. महावितरणच्या ऑफिसात मीटरच्या आकड्याचा फोटो जोडून लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि हप्ते पाडून मागावेत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही.

आपलाच पैसा

मदत मागण्याआधी आपल्या हक्काचे काय आहे तेही पाहावे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. हा नियम आपल्या कारखान्यासह सर्वांना लागू आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत पीककर्जाच्या दहा टक्के रक्कम घरखर्चासाठी धरलेली असते. शेकडा पाचने उचलण्याआधी सोसायटीत किंवा बँकेत ती विचारावी.

आणि शेअर्सवर वारस नेमलेला आहे का? कित्येक सभासदांनी शेअर घेतला तेव्हाचे नामनिर्देशन कोरे आहे, किंवा ज्यांचे नाव घातले ते आता हयात नाहीत. गट ऑफिसात येऊन एक फॉर्म भरला की मागच्यांची धावपळ वाचते.

तरीही सावकाराचे पैसे घ्यावेच लागले तर एवढे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ खाली परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते. तात्यांनी दिले ते साठ टक्के. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. व्याजापायी जमीन लिहून घेतली असेल तर खरेदीखतापासून १५ वर्षांपर्यंत तिची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. तक्रार सहकारी संस्थांच्या साहाय्यक निबंधकांकडे करायची.

एक पिशवी

शेवटी एकच विनंती. घरात एक पिशवी करा. तिच्यात रेशनकार्ड, सर्वांची आधारकार्डे, आयुष्मान कार्ड, ताजा सात-बारा व आठ-अ, घरजागेचा उतारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स ठेवा. रेशनकार्डावर सुनेचे, नातवाचे नाव चढले आहे का पाहा. दाखल्याला काही दिवस लागतात, तो आजारपणात काढता येत नाही. आणि ही पिशवी कुठे टांगली आहे ते घरातल्या बायकांना ठाऊक असू द्या. कारण रात्री-अपरात्री दवाखान्याची वाट बहुतेक वेळा त्याच धरतात.

तात्यांनी त्या दिवशी आमच्या ऑफिसातच पिशवीच्या कागदांची यादी लिहून घेतली. “आमचं तर गेलं,” म्हणाले, “पर शेजाऱ्याला तरी सांगतो.” हा अंक वाचून झाल्यावर आपणही तेवढेच करावे.