तांबड्या वाइनचे परीक्षण

रंग, गंध, चव व तुरटपणा यांची तुलना करून तांबड्या वाइनची प्रत ठरविण्याची पद्धती. किण्वनाच्या वेळी काळ्या द्राक्षांच्या साली रसातच ठेवल्याने त्यांतील रंगद्रव्ये व टॅनिने वाइनमध्ये उतरतात. काबर्ने सोव्हिन्याँ या जाड सालीच्या वाणाची वाइन गडद व तुरट, तर पिनो न्वारची फिकट व सौम्य असते. जमीन, हवामान व मुरविण्याची रीत यांनुसार एकाच वाणाची वाइनही निरनिराळी होते. म्हणून प्रदेशांची तुलना करताना वाण, तर वाणांची तुलना करताना प्रदेश शक्यतो एकच ठेवतात. नावाच्या कीर्तीचा परीक्षकाच्या मतावर प्रभाव पडू नये, यासाठी वाइनची ओळख लपवितात. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे नऊ फ्रेंच परीक्षकांनी अशा रीतीने बॉर्दोच्या ४ व कॅलिफोर्नियाच्या ६ तांबड्या वाइनना २० पैकी गुण दिले. त्यांत कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची वाइन पहिली, तर बॉर्दोची शातो मूताँ-रॉथशील्ड (१९७०) दुसरी आली. दोहोंच्या गुणांतील फरक मात्र अत्यल्प होता. शिवाय बॉर्दोच्या वाइनमध्ये काबर्नेबरोबर मेर्लो इ. वाणांचेही मिश्रण असल्याने ही तुलना केवळ प्रदेशांची नव्हती. कीर्तीवरून प्रत ठरत नाही, एवढे मात्र तीवरून स्पष्ट झाले.